नाकाची कूर्चा गुडघ्यात : रोपणापूर्वी ऊती किती परिपक्व असावी, याचा एक प्रकरण अभ्यास

प्रयोगशाळेत वाढवलेली कूर्चा माणसाच्या गुडघ्यात बसवायची झाली, तर ती नेमकी केव्हा बसवावी, हा या क्षेत्रातला जुना वाद आहे. पेशी आधाराच्या पटलावर स्थिरावल्या की ते पटल लगेच सांध्यात ठेवावे आणि पुढची घडण शरीरावर सोपवावी, असे एक मत. पेशींना प्रयोगशाळेतच स्वतःभोवती पुरेसे आधारद्रव्य तयार करू द्यावे आणि मगच ती ऊती रोपावी, असे दुसरे. दोन्ही बाजूंकडे सबळ कारणे होती; पण पेशींचा उगम तोच, पटल तेच आणि फरक फक्त परिपक्वतेच्या काळाचा, अशी माणसांवरची नेटकी तुलना हाती नव्हती. स्वित्झर्लंडमधील बाझल विद्यापीठ आणि तेथील विद्यापीठ रुग्णालय यांच्या गटाने ती तुलना घडवून आणली आणि मार्च २०२५ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. रुग्णाच्या नाकातून पेशी घेऊन गुडघ्यासाठी कूर्चा वाढवणाऱ्या या उपक्रमाचा, त्यामागच्या निर्णयांचा आणि हाती आलेल्या उत्तराच्या मर्यादांचा विचार येथे केला आहे. हे प्रकरण निवडण्याचे कारण असे की, एका पायरीचे उत्तर मिळाल्याशिवाय पुढची पायरी न चढण्याचा संयम या गटाने वर्षानुवर्षे पाळला, आणि त्यामुळे त्यांच्या कामातून कोणता निष्कर्ष कशावरून निघाला हे स्पष्ट दिसते.

कूर्चा स्वतःहून का भरून येत नाही

मांडीच्या हाडाच्या गुडघ्याकडील टोकावर जी गुळगुळीत, पांढरट चमकदार कूर्चा असते, तिची जाडी साधारण दोन ते चार मिलिमीटर असते. तिच्यात रक्तवाहिन्या नाहीत, मज्जातंतू नाहीत, लसिकावाहिन्याही नाहीत. तिच्या वजनाचा सुमारे ६५ ते ८० टक्के भाग पाण्याचा असतो. उरलेल्या भागात मुख्यतः कोलॅजेन या धाग्यांसारख्या प्रथिनाच्या दुसऱ्या प्रकाराचे तंतुजाल आणि त्या जाळ्यात अडकलेले अ‍ॅग्रिकॅन नावाचे प्रचंड रेणू असतात. अ‍ॅग्रिकॅनवर दाटीने ऋण प्रभार असल्यामुळे ते पाणी ओढून घेते आणि फुगू पाहते. कोलॅजेनचे जाळे मात्र त्याला फुगू देत नाही. गच्च कापूस भरलेल्या गादीची खोळ जशी ताणलेली राहते, तसा हा ताण कायम असतो, आणि चालताना शरीराच्या वजनाच्या दुप्पट-तिप्पट भार आला तरी कूर्चा तो पेलते ती या ताणाच्या बळावर. म्हणजे कूर्चेचे सामर्थ्य पेशींमध्ये नसून पेशींनी निर्माण केलेल्या द्रव्यात असते. प्रौढ माणसाच्या सांध्याच्या कूर्चेत पेशींचा वाटा आकारमानाने जेमतेम दोन टक्क्यांच्या आसपास आहे. ही बाब पुढच्या सगळ्या चर्चेच्या मुळाशी आहे.

अशा ऊतीला इजा झाली आणि ती खालच्या हाडापर्यंत पोहोचली नाही, तर रक्तस्राव होत नाही, गुठळी बनत नाही आणि दुरुस्तीसाठी बाहेरून पेशी येत नाहीत. आतल्या कूर्चापेशी आधारद्रव्यातल्या आपापल्या छोट्या पोकळ्यांमध्ये बंदिस्त असल्याने त्या जखमेकडे सरकूही शकत नाहीत. कूर्चा एकदा नष्ट झाली की ती पुन्हा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते. त्यांच्या निरीक्षणाला २०१६ मध्ये अनपेक्षित दिशेने दुजोरा मिळाला. गेल्या शतकाच्या मध्याला झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणात वाढलेल्या कार्बन-१४ चा माग घेऊन संशोधकांनी गुडघ्याच्या कूर्चेतील कोलॅजेनचे वय काढले, तेव्हा वाढीचे वय संपल्यानंतर हे कोलॅजेन जवळजवळ बदललेच जात नाही, असे आढळले. झिजलेल्या सांध्यांतही चित्र तेच होते. आयुष्याच्या पहिल्या दोन दशकांत विणलेल्या जाळ्यावर माणूस उरलेले सगळे आयुष्य चालतो.

आधीच्या उपायांनी काय दिले

सर्वांत साधा उपाय म्हणजे मायक्रोफ्रॅक्चर. यात शल्यचिकित्सक जखमेच्या तळाशी हाडाला बारीक छिद्रे पाडतो, अस्थिमज्जेतून रक्त आणि पेशी वर येतात आणि त्या गुठळीतून दुरुस्तीची ऊती तयार होते. ही ऊती बहुतांशी तंतुमय असते. तिच्यात पहिल्या प्रकारचे कोलॅजेन जास्त आणि अ‍ॅग्रिकॅन कमी असते. लहान जखमांना आणि तरुण रुग्णांना तिचा काही वर्षे चांगला उपयोग होतो, पण खऱ्या कूर्चेचे बळ तिच्यात येत नाही.

पेशींचा मार्ग स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे उघडला गेला. तिथे १९८७ मध्ये पहिल्या रुग्णावर उपचार झाले आणि १९९४ मध्ये माट्स ब्रिटबर्ग, लार्स पीटरसन आणि सहकाऱ्यांनी २३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. सांध्याच्या कमी भार येणाऱ्या भागातून कूर्चेचा लहान तुकडा काढायचा, त्यातल्या पेशी प्रयोगशाळेत वाढवायच्या आणि जखमेवर हाडाच्या आवरणाचा पापुद्रा शिवून त्याखाली पेशींचे द्रावण सोडायचे, अशी ती पद्धत होती. मांडीच्या हाडाच्या टोकावरील जखमांच्या १६ पैकी १४ रुग्णांना दोन वर्षांनंतर चांगला किंवा उत्तम परिणाम मिळाला. गुडघ्याच्या वाटीवरील जखमांच्या सात रुग्णांपैकी मात्र दोघांनाच तो लाभला. वाटीचे हे अपयश लक्षात ठेवण्याजोगे आहे, कारण या प्रकरणाच्या शेवटी तीच जागा पुन्हा समोर येते.

पुढे पापुद्र्याऐवजी कोलॅजेनचे पटल आले, पेशी शस्त्रक्रियेपूर्वीच पटलावर पेरल्या जाऊ लागल्या आणि शस्त्रक्रिया सुटसुटीत झाली. तरीही पुराव्याची बाजू दीर्घकाळ डळमळीत राहिली. नॉर्वेतील ८० रुग्णांच्या चाचणीत पेशींचे रोपण आणि मायक्रोफ्रॅक्चर यांत दोन वर्षांनी वेदना आणि ऊतीचा दर्जा या बाबतींत लक्षणीय फरक दिसला नाही, आणि पाच वर्षांनी दोन्ही गटांत प्रत्येकी नऊ जणांचा उपचार अपयशी ठरला होता. तीन चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून मोठ्या जखमांच्या १४४ रुग्णांवरील युरोपीय चाचणीत पटलावर पेरलेल्या पेशींनी वेदना आणि हालचाल या दोन्ही बाबतींत मायक्रोफ्रॅक्चरवर मात केली. पण ऊतीचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला किंवा एमआरआयवर तपासला, तेव्हा दोन्ही गटांतल्या दुरुस्तीच्या ऊतीत फरक सापडला नाही. रुग्णाला बरे वाटते, पण ऊती तशीच दिसते, हे कोडे माझ्या मते या क्षेत्रातले सर्वांत प्रामाणिक अवघडलेपण आहे, आणि ते टाळून पुढे गेलेले कोणतेही विवेचन अपुरे ठरते.

या सर्व उपायांत एक समान धागा आहे. रुग्णाला प्रत्यक्षात पेशी दिल्या जातात. कूर्चा त्यांनी गुडघ्यात जाऊन बनवावी, अशी अपेक्षा असते. पेशी ज्या अवस्थेत दिल्या जातात ती मात्र फारशी अनुकूल नसते. प्लास्टिकच्या बाटलीच्या तळाशी सपाट थरात वाढवलेल्या कूर्चापेशी हळूहळू आपला गोल आकार सोडतात, लांबट होतात, दुसऱ्या प्रकारच्या कोलॅजेनऐवजी पहिल्या प्रकारचे कोलॅजेन बनवू लागतात आणि जखमेच्या व्रणातल्या पेशींसारख्या वागू लागतात. त्यांची संख्या वाढवण्याची किंमत म्हणून त्यांची ओळख पुसट होते. सुदैवाने ही हानी कायमची नसते. १९८२ मध्ये असे दाखवले गेले की, ओळख हरवलेल्या या पेशी अ‍ॅगरोजच्या मऊ जेलमध्ये त्रिमितीय अवस्थेत ठेवल्या तर त्या पुन्हा गोल होतात आणि कूर्चेचे घटक तयार करू लागतात. प्रश्न उरतो तो हा की, ही पुनर्घडण कोठे व्हावी: नियंत्रित पात्रात, की नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्या, दाहाने भरलेल्या सांध्यात?

नाकच का

बाझलच्या गटाने पेशींचा स्रोत बदलला. गुडघ्यातून पेशी घ्यायच्या तर आधीच दुखावलेल्या सांध्यात आणखी एक जखम करावी लागते, आणि रुग्णाचे वय वाढते तसा या पेशींचा दर्जा घसरतो. नाकाच्या दोन पोकळ्यांमधल्या पडद्यात गुडघ्यातल्यासारखीच गुळगुळीत कूर्चा (काचकूर्चा) असते. ती काढणे सोपे, स्थानिक भूल पुरते आणि जखमेचा त्रास अल्प असतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे नाकाच्या कूर्चापेशी वेगाने वाढतात आणि कूर्चा बनवण्याची त्यांची क्षमता वयानुसार फारशी ढळत नाही.

तरीही या कल्पनेला एक गंभीर आक्षेप होता. नाकाची कूर्चा गर्भावस्थेत मज्जातंतूंच्या मूळ थराशी संबंधित पेशींपासून बनते, तर गुडघ्याची मध्यस्तर या गर्भाच्या मधल्या थरापासून. नाकाला कधी भार पेलावा लागत नाही. उगम आणि काम दोन्ही वेगळे असलेली पेशी गुडघ्यात जाऊन कशी वागेल, हे गृहीत धरता येण्याजोगे नव्हते. गटाने २०१४ मध्ये याचे उत्तर प्रसिद्ध केले. शरीराचा कोणता भाग कोठे घडावा हे ठरवणारी होक्स नावाची जनुके नाकाच्या पेशींमध्ये जवळजवळ मूक असतात, तर गुडघ्याच्या पेशींत त्यांच्यापैकी काही सक्रिय असतात. नाकाच्या पेशी शेळ्यांच्या गुडघ्यात रोपल्यावर त्यांनी तेथील पेशींसारखी होक्स जनुके व्यक्त करायला सुरुवात केली आणि जखम भरण्यात भाग घेतला. ज्या पेशीवर जागेचा शिक्का आधीपासून नाही, ती नव्या जागेचा शिक्का स्वीकारू शकते, असा याचा अर्थ लावता येतो. गुडघ्याच्या पेशी नाकात नेल्या तर त्या इतक्या सहज जुळवून घेतील असे मात्र यावरून ठरत नाही.

त्याच वर्षी या गटाने माणसांवरचा पहिला प्रयोगही प्रसिद्ध केला होता, आणि तो गुडघ्यावर नव्हता. त्वचेचा कर्करोग काढताना नाकपुडीचा भाग गमावलेल्या पाच रुग्णांना त्यांच्याच नाकाच्या पेशींपासून वाढवलेली कूर्चा बसवण्यात आली. तेथे भार नगण्य, जागा उघड आणि काही बिघडल्यास दुरुस्तीचा नेहमीचा मार्ग उपलब्ध होता. सुरक्षितता आधी सौम्य जागी तपासायची आणि मग भार पेलणाऱ्या सांध्याकडे वळायचे, हा क्रम मला या संपूर्ण प्रकरणातला सर्वांत शहाणा निर्णय वाटतो.

तुकडा कसा घडतो

गुडघ्यासाठीच्या प्रक्रियेत नाकाच्या पडद्यातून सहा मिलिमीटर व्यासाचा कूर्चेचा तुकडा काढला जातो. त्यावरचे तंतुमय आवरण काळजीपूर्वक सोलून काढावे लागते, कारण त्या आवरणातल्या पेशी मिसळल्या तर त्याही वाढतात, पण त्या तितकी चांगली कूर्चा बनवत नाहीत. शेवटी हाती आलेल्या ऊतीचा दर्जा या एका पायरीवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. मग कोलॅजेन विरघळवणाऱ्या विकराच्या साहाय्याने आधारद्रव्य मोडून पेशी मोकळ्या केल्या जातात.

पुढचे दोन आठवडे पेशींची संख्या वाढवण्यात जातात. या काळात पोषक द्रावणात टीजीएफ-बीटा-१ आणि एफजीएफ-२ हे वाढघटक घातले जातात. त्यांच्यामुळे पेशींचा वेग तर वाढतोच, शिवाय ओळख हरवल्यानंतरही ती परत मिळवण्याची त्यांची क्षमता टिकून राहते. वासराच्या रक्तद्रवाऐवजी रुग्णाचाच रक्तद्रव वापरला जातो, त्यामुळे परक्या प्रथिनांचा प्रश्न मिटतो.

त्यानंतर पेशी डुकराच्या कोलॅजेनपासून बनवलेल्या, शल्यचिकित्सेत आधीपासून वापरात असलेल्या पटलावर पेरल्या जातात आणि आणखी दोन आठवडे त्यावर वाढू दिल्या जातात. आता द्रावणाचा हेतू बदललेला असतो: पेशींनी विभाजन थांबवून घडण सुरू करावी, यासाठी त्यात इन्शुलिन आणि क जीवनसत्त्व असते. क जीवनसत्त्वाचे काम येथे अगदी नेमके आहे. कोलॅजेनच्या साखळीतील प्रोलीन या अमिनो आम्लावर हायड्रॉक्सिल गट बसवणाऱ्या विकराला ते लागते, आणि तो गट बसला नाही तर तीन साखळ्यांचा पीळ शरीराच्या तापमानाला टिकत नाही. ते नसेल तर पेशी कोलॅजेन बनवतात, पण ते जाळ्यात उभे राहत नाही.

या दोन आठवड्यांच्या अखेरीस सुमारे ३० मिलिमीटर लांब, ४० मिलिमीटर रुंद आणि दोन मिलिमीटर जाड तुकडा तयार होतो. जाडी याहून फार वाढवता येत नाही, आणि त्यामागे साधे भौतिक कारण आहे. रक्तवाहिन्या नसलेल्या ऊतीत ऑक्सिजन आणि पोषक द्रव्ये पृष्ठभागावरून आत झिरपतात. बाहेरच्या थरातल्या पेशी ती आधी वापरून टाकतात आणि मध्यभागी उपासमार होते. शिवाय बाहेरचा थर जितके घट्ट आधारद्रव्य बनवतो, तितके हे झिरपणे अवघड होते. जगभरच्या प्रयोगशाळांमध्ये यावर उपाय म्हणून द्रावण खेळते ठेवणारी किंवा ऊतीला तालबद्ध दाब देणारी पात्रे वापरून पाहिली गेली आहेत. मंद आणि नियमित दाबामुळे कूर्चापेशी अधिक आधारद्रव्य बनवतात, हे अनेक प्रयोगांत दिसले आहे. पण रुग्णासाठीच्या प्रत्येक तुकड्यामागे असे यंत्र लावणे म्हणजे दूषित होण्याची आणखी एक शक्यता निर्माण करणे असते, त्यामुळे उपचारासाठी साधेपणालाच प्राधान्य मिळणे स्वाभाविक आहे.

तुकडा जखमेपेक्षा मोठा असणे उपयोगाचे ठरते. शल्यचिकित्सक त्यातून जखमेच्या आकाराचा भाग कापून घेतो आणि उरलेल्या भागावर तपासण्या करता येतात. सॅफ्रनिन-ओ हे रंजक अ‍ॅग्रिकॅनच्या साखळ्यांना लाल रंग देते, त्यामुळे पेशींनी खरोखर कूर्चेचे द्रव्य बनवले आहे की नाही हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. पेशी जिवंत किती, जंतुसंसर्ग आहे का, मायकोप्लाझ्मा (पेशींच्या संवर्धनात शिरणारे अतिसूक्ष्म जिवाणू) आहे का, हेही पाहावे लागते. जंतुसंसर्गाच्या पारंपरिक चाचणीला चौदा दिवस लागू शकतात आणि जिवंत ऊती तितके दिवस ताटकळत ठेवता येत नाही. म्हणून प्रक्रियेच्या मधल्या टप्प्यांवर नमुने घेऊन शेवटचा धोका आधीच कमी करावा लागतो. औषधाच्या गोळ्यांचा एखादा गट नापास झाला तर दुसरा गट वापरता येतो. येथे प्रत्येक रुग्णासाठी गट एकच, आणि तो नापास झाला तर त्या माणसाच्या नाकातून पुन्हा तुकडा काढण्यापासून सुरुवात करावी लागते.

पहिले दहा रुग्ण

मार्कस मुम्मे, आंद्रेआ बार्बेरो, मार्सेल याकोब, इव्हान मार्टिन आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात पहिल्या दहा रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध केला. रुग्ण १८ ते ५५ वर्षे वयोगटातले होते, जखमा अपघाताने झालेल्या, हाडापर्यंत पूर्ण खोलीच्या आणि दोन ते सहा चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळाच्या होत्या. उद्देश मर्यादित होता: ही प्रक्रिया करता येते का आणि ती सुरक्षित आहे का. दोन वर्षांच्या पाठपुराव्यात रोपणामुळे कोणताही विपरीत परिणाम नोंदवला गेला नाही. वेदना, गुडघ्याचे कार्य आणि जीवनमान यांबद्दल रुग्णांनी स्वतः दिलेले गुण शस्त्रक्रियेपूर्वीच्या तुलनेत लक्षणीय सुधारले. एमआरआयवर जखम भरण्याचे प्रमाण रुग्णागणिक वेगवेगळे होते, पण नव्या ऊतीची घडण नैसर्गिक कूर्चेच्या जवळ जाताना दिसत होती. एका रुग्णाला क्रीडाप्रकारांत स्वतंत्रपणे अनेक दुखापती झाल्याने परिणामकारकतेच्या मोजणीतून वगळण्यात आले.

तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या दहा जणांच्या अभ्यासातून परिणामकारकता सिद्ध होत नाही. शस्त्रक्रिया, विश्रांती, व्यायामोपचार आणि नव्या उपचारावरचा विश्वास यांनीही गुडघेदुखीचे गुण वाढतात. अहवालाच्या लेखकांनी तसा दावा केलाही नाही, आणि यशाच्या बातम्या वाचताना ही मर्यादा विसरली जाऊ नये, असे मला आवर्जून सांगावेसे वाटते.

परिपक्वतेची कसोटी

आता मूळ प्रश्न उरला. चार आठवड्यांपैकी शेवटचे दोन आठवडे खरोखर लागतात का? ते वगळता आले तर खर्च कमी होईल, दूषित होण्याची जोखीम घटेल आणि रुग्णाला लवकर उपचार मिळतील. वगळण्याच्या बाजूने जैविक युक्तिवादही होता. अपरिपक्व, मऊ ऊतीतल्या पेशी अधिक चपळ असतात, त्या आजूबाजूच्या कूर्चेत आणि खालच्या हाडात अधिक सहज मिसळतील. उलट आधीच घट्ट झालेला तुकडा कडेला नीट जुळणार नाही, अशी भीती होती. शिवाय सांध्याचा द्रव आणि तेथील यांत्रिक भार यांच्याइतके चांगले वातावरण कोणत्याही पात्रात निर्माण करता येत नाही, असेही म्हटले जात असे.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे कूर्चेच्या रचनेवरच आधारलेले होते. पेशीभोवती तिने स्वतः बनवलेले द्रव्य असले तर शस्त्रक्रियेनंतरच्या दाहापासून तिला काहीसे संरक्षण मिळते, पहिल्या भारात ती चिरडत नाही आणि आपली ओळख परत मिळवण्याचे काम तिने सांध्यात शिरण्यापूर्वीच पूर्ण केलेले असते.

युरोपीय संघाच्या निधीतून उभ्या राहिलेल्या प्रकल्पात स्वित्झर्लंड, जर्मनी, इटली आणि क्रोएशिया या चार देशांतील रुग्णालयांत ९८ रुग्णांवर ही चाचणी झाली. दोन्ही गटांना स्वतःच्या नाकाच्या पेशी आणि तेच पटल मिळाले. एका गटासाठी पेशी पटलावर फक्त दोन दिवस ठेवल्या गेल्या, म्हणजे प्रचलित उपचारांतल्यासारख्या; दुसऱ्या गटासाठी पूर्ण दोन आठवडे. कोणाला काय मिळणार हे यादृच्छिक पद्धतीने ठरले. रचनेतले हे साधेपण फार मोलाचे आहे. पेशींचा उगमही वेगळा आणि काळही वेगळा असता, तर आलेल्या फरकाचे श्रेय कशाला द्यायचे हे कधीच ठरले नसते.

दोन वर्षांत दोन्ही गटांतल्या रुग्णांची स्थिती स्पष्टपणे सुधारली. पहिल्या वर्षानंतर मात्र वाटा वेगळ्या झाल्या. परिपक्व ऊती मिळालेल्या रुग्णांची सुधारणा दुसऱ्या वर्षातही चालू राहिली आणि त्यांनी दुसऱ्या गटाला मागे टाकले. एमआरआयवर त्यांच्या रोपणाच्या जागी ऊतीची घडण अधिक चांगली दिसली, आणि विशेष म्हणजे शेजारच्या मूळ कूर्चेची घडणही. मोठ्या जखमा असलेल्या आणि आधीचे उपचार अयशस्वी झालेल्या रुग्णांना परिपक्वतेचा लाभ अधिक झाला.

उत्तराचे वाचन

शेजारच्या कूर्चेत दिसलेली सुधारणा मला या निष्कर्षांतला सर्वांत विचार करायला लावणारा भाग वाटतो. रोपलेला तुकडा रिकामी जागा भरण्यापलीकडे काही करत असावा, असे तो सुचवतो. त्याच गटाच्या २०२१ मधील कामाशी हे जुळते. नाकाच्या पेशींपासून बनवलेली कूर्चा दाहाच्या वातावरणात टिकून राहते आणि झिजलेल्या सांध्यात अतिसक्रिय असलेल्या डब्ल्यूएनटी या संदेशमार्गाला आवर घालणारी द्रव्ये स्रवते, असे त्या कामात दिसले होते. गुडघ्याची बरीच झीज झालेल्या आणि कृत्रिम सांध्याकडे निघालेल्या दोन रुग्णांवर तिचा उपयोगही केला गेला होता. परिपक्व तुकडा हे स्रवण अधिक चांगले करत असेल, तर रचना आणि स्रवण या दोन कारणांपैकी फरक नेमका कशामुळे पडला, हे या चाचणीतून वेगळे काढता येत नाही.

मर्यादा आणखीही आहेत. या चाचणीत मायक्रोफ्रॅक्चरचा किंवा गुडघ्याच्या पेशींच्या प्रचलित उपचाराचा गट नव्हता, त्यामुळे नाकाची कूर्चा त्यांच्यापेक्षा सरस आहे असे तिच्या आधारे म्हणता येत नाही; काळाचा फरक सरस ठरला, इतकेच म्हणता येते. रुग्णाने स्वतः दिलेले गुण हा मुख्य निकष असला की अपेक्षांचा परिणाम पूर्णपणे वगळता येत नाही, जरी दोन्ही गटांना पेशींचा उपचार मिळाल्यामुळे तो येथे बराच समतोल झाला असावा. आणि ज्या ऊतीने पुढची चाळीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा आहे, तिच्यासाठी दोन वर्षे हा अल्प काळ आहे. नॉर्वेतल्या चाचणीचा अनुभव पाहता, पाच आणि दहा वर्षांची नोंद येईपर्यंत मत राखून ठेवणे योग्य आहे.

‘परिपक्व’ या शब्दाचाही अतिरेकी अर्थ घेऊ नये. दोन आठवड्यांच्या तुकड्यात पेशींची ओळख परतलेली असते आणि त्यांच्याभोवती कूर्चेचे द्रव्य असते, पण नैसर्गिक कूर्चेचे बळ त्यात नसते. प्रौढ कूर्चेत पृष्ठभागाजवळ तंतू पृष्ठभागाला समांतर, मधल्या थरात तिरके आणि खाली हाडाकडे उभे असतात. ही मांडणी पात्रात होत नाही. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर रुग्णाने भार हळूहळू वाढवत न्यावा लागतो. उरलेली घडण सांध्यातच व्हायची असते; चाचणीने दाखवले ते इतकेच की, ती घडण कोणत्या टप्प्यापासून सुरू होते याने शेवट बदलतो. कूर्चेचे सामर्थ्य पेशींच्या संख्येत नसून त्यांनी बनवलेल्या द्रव्यात असते, या मूलभूत वस्तुस्थितीशी हे उत्तर सुसंगत आहे, आणि पेशींची संख्या हाच मात्रेचा मापदंड मानणाऱ्या उपचारपद्धतींनी त्याची दखल घ्यायला हवी असे माझे स्पष्ट मत आहे.

व्यवहाराच्या बाजूने पाहता, जादाचे दोन आठवडे म्हणजे प्रत्येक रुग्णामागे निर्जंतुक कक्षाचा अधिक वापर, अधिक तपासण्या आणि शस्त्रक्रियेची तारीख चुकवू न देणारी काटेकोर आखणी. लहान जखमा असलेल्या रुग्णांत लाभ कमी असेल, तर त्यांच्यासाठी हा खर्च समर्थनीय ठरेल का, हे वेगळे तपासावे लागेल. गटाने पुढची दिशा मात्र कठीण बाजूची निवडली आहे: गुडघ्याची वाटी आणि मांडीचे हाड यांच्यामधल्या भागाची झीज झालेल्या रुग्णांवर नव्या चाचण्या आखण्यात आल्या आहेत. गोथेनबर्गच्या सातपैकी पाच रुग्णांना जिथे पुरेसा लाभ झाला नव्हता, ती हीच जागा, आणि या वेळी तेथे अपघाताच्या जखमेऐवजी दाह आणि झीज असलेला सांधा असेल.